केनेल कफ: ज्यात कफ नसतो

दिवाळी संपून तीन दिवस झाले होते. रात्री अडीचच्या सुमाराला हॉलमधून असा आवाज आला की मी उठून आधी पाण्याचा पंप बघायला निघालो. कोरडा, खरखरीत, मध्येच कुणीतरी जुना हॉर्न दाबल्यासारखा. दिवा लावला तर आमचा कुत्रा गोट्या मान पुढे ताणून, पाय फाकवून उभा. पाच-सहा वेळा खोकला, शेवटी उलटी येणार अशी उबळ आली आणि फरशीवर चमचाभर पांढरा फेस पडला. मग शेपटी हलवत माझ्याकडे असा बघायला लागला, की बिस्कीट कुठंय.

एव्हाना आई उठून आली होती. तिचं निदान तयार होतं. "हाड अडकलंय. कोरड्या भाताचा गोळा भरव." आमच्याकडे बांगड्याचा काटा घशात अडकला की पिढ्यान्‌पिढ्या हाच उपाय. मी मात्र मोबाइलचा टॉर्च लावला, गोट्याचा जबडा उघडला आणि दोन बोटं आत घालून चाचपलं. काही सापडलं नाही. ती बोटं घालणं हा त्या रात्रीचा सगळ्यात मोठा मूर्खपणा होता. का, ते पुढे सांगतो.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी गोट्याच्या गळ्यावर, श्वासनळीवर दोन बोटं ठेवून अगदी हलकं दाबलं. लगेच तोच हॉर्न. "केनेल कफ. दिवाळीत कुठे ठेवला होतात का याला?" ठेवला होता, आम्ही चार दिवस रत्नागिरीला गेलो होतो. आई म्हणाली, "तरी मी म्हणतच होते, कफ झालाय. ओव्याची पुरचुंडी शेकू का छातीला?"

"काकू, हा इंग्रजीतला कफ," डॉक्टर हसून म्हणाल्या. "नुसता खोकला."

आईची चूक नाही. मराठी कानाला हे नाव फसवतंच. आपला कफ म्हणजे छातीत साठलेला चिकट ऐवज, आणि या आजाराची ओळख म्हणजे खोकला कोरडा असतो, कफ जवळजवळ नसतोच. तो पांढरा फेस म्हणजे उबळीसरशी वर आलेली लाळ आणि थोडा स्राव. छातीत खरोखर घरघर व्हायला लागली, नाकातून पिवळं-हिरवं यायला लागलं, तर आजार नेहमीच्या वाटेवरून खाली उतरलाय असं समजायचं. नावातला दुसरा शब्दही अर्धवट खरा. केनेल म्हणजे कुत्रे ठेवायची जागा. पण हा खोकला बोर्डिंगमध्येच होतो असं नाही. ग्रूमिंगच्या टेबलावर, ट्रेनिंगच्या मैदानात, डॉग शोमध्ये, दवाखान्याच्या बाकाशेजारी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, जिथे दोन नाकं जवळ येतात तिथे तो होऊ शकतो.

आणि हा एका जंतूचा आजार नाही. आपण 'सर्दी' म्हणतो तेव्हा तो एका विषाणूचा पत्ता नसतो, डझनावारी विषाणूंचं मिळून एक घरगुती नाव असतं. केनेल कफही तसाच. पॅराइन्फ्लुएन्झा नावाचा विषाणू, अॅडिनोव्हायरस 2, कुत्र्यांचा श्वसनमार्गाचा कोरोनाव्हायरस (हा 2003 साली ब्रिटनमध्ये ओळखला गेला, आपल्या कोविडशी याचा संबंध नाही), मायकोप्लाझ्मा, काही देशांत कुत्र्यांचा फ्लू, आणि या सगळ्यांत प्रसिद्ध जीवाणू म्हणजे बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका. कधी एकटा येतो, पुष्कळदा दोघं-तिघं मिळून. आधी विषाणू अस्तर खरवडतो, मग जीवाणू त्यावर बस्तान मांडतो.

या बोर्डेटेलाची भावकी आपल्या ओळखीची आहे. बेल्जियमच्या ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह जाँगू या दोघांनी 1906 साली माणसाच्या डांग्या खोकल्याचा जीवाणू वेगळा करून दाखवला. बोर्दे यांना पुढे 1919 सालचं नोबेल मिळालं, ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, आणि या जीवाणूंच्या कुळाला त्यांचं नाव लागलं. म्हणजे बाळाला जी त्रिगुणी लस देतात, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची, त्यातल्या मधल्या आजाराचा जीवाणू आणि गोट्याचा जीवाणू हे चुलतभाऊ. गंमत म्हणजे 1910 च्या सुमाराला अमेरिकेत हा जीवाणू कुत्र्यांत पहिल्यांदा सापडला तेव्हा हाच डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचं कारण आहे असा समज झाला होता. डिस्टेंपरमागे विषाणू आहे हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी 1905 सालीच म्हटलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला पुढची वीस-एक वर्षं गेली. तोवर या खोकल्याने भलत्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगली.

आता नळीच्या आत नेमकं काय होतं ते बघू, कारण हे कळलं की बाकीचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

साखर कारखान्याची गव्हाण पाहिली आहे? उसाच्या मोळ्या खाली पडतात आणि सरकता पट्टा त्या सतत वर ओढून नेत असतो. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर अशीच गव्हाण चालू असते. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव आहे, तिच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर आहे. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, परागकण, जंतू त्या थराला चिकटतात आणि लव एका लयीत हलून तो थर वर वर, घशाकडे ढकलत राहते. तिथे पोचला की कुत्रा तो गिळून टाकतो. हे रात्रंदिवस चालतं आणि त्याची जाणीवही होत नाही.

बोर्डेटेला बरोबर या लवेलाच जाऊन चिकटतो. तिथे बसून विषारी द्रव्यं सोडतो, लवेची हालचाल मंदावते, थांबते, काही पेशी मरून गळून पडतात. गव्हाण बंद. आता जे वर जायला हवं ते तिथेच अडकून राहतं, आणि उघडं पडलेलं अस्तर इतकं हुळहुळं होतं की थंड हवा लागली, पट्टा ओढला गेला, आनंदाने दोन उड्या मारल्या, तरी खोकल्याची उबळ येते. म्हणून तर डॉक्टरांनी बोटांनी जरासं दाबताच हॉर्न वाजला. आणि म्हणूनच बाकी कुत्रा ठणठणीत असतो: जेवतो, खेळतो, मांजराच्या मागे धावतो, मग थांबून खोकतो. बिघाड नळीच्या अस्तरापुरता असतो.

हे अस्तर पुन्हा नीट व्हायला वेळ लागतो. खोकला साधारण एक ते तीन आठवडे टिकतो तो त्यामुळे. औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी गप्प झाला, असं होत नाही.

पसरतो मुख्यतः हवेतून. खोकताना, शिंकताना, भुंकताना उडणारे तुषार बंद खोलीत तरंगत राहतात. शिवाय नाकाला नाक, एकाच भांड्यातलं पाणी, चघळलेला चेंडू, आणि एका कुत्र्याला कुरवाळून दुसऱ्याकडे जाणारे आपले हात. जंतू आत शिरल्यापासून खोकला सुरू व्हायला 2 ते 14 दिवस लागतात, बहुतेकदा 3 ते 10. भाऊबीजेला आणलेला कुत्रा घरी येताना धडधाकट असतो आणि चौथ्या रात्री खोकतो, याचं कारण हे मधले दिवस. बोर्डिंगवाले म्हणतात "आमच्याकडून गेला तेव्हा बरा होता" आणि ते खरं असतं. आपण म्हणतो "तुमच्याकडेच लागलं", तेही खरं असतं. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की बोर्डेटेला खोकला थांबल्यावरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, नाकातोंडातून बाहेर पडत राहू शकतो. त्यामुळे बोर्डिंगच्या दारात उभा असलेला न खोकणारा कुत्रा निर्धोकच आहे असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

घशात हाड अडकल्यासारखं वाटणं, आणि मी बोटं घातली ती गोष्ट

आपल्या देशात हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाल्याच्या फ्रिजवर चिकटवायला हवं: घशात काहीतरी अडकलंय असं दिसणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. रेबीजमध्ये घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, जबडा लोंबतो, भुंकण्याचा आवाज बदलतो, आणि बघणाऱ्याला हमखास वाटतं की हाड अडकलंय. मालक प्रेमापोटी हात घालतो. गोट्याला दरवर्षी रेबीजची लस मिळते, तरी मी ते करायला नको होतं. अन् रस्त्यावरच्या, लस न झालेल्या कुत्र्याबाबत तर मुळीच नाही. कुणाकडून झालंच, तर हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्र्याचा नव्हे, स्वतःचा.

बाकीचे तोतयेही आहेत. पॉमेरेनियन, यॉर्कशायरसारख्या छोट्या जातींत श्वासनळी मऊ पडून चपटी होते, तिचा खोकला हुबेहूब असाच हॉर्नसारखा. फरक एवढा की तो महिनोन्‌महिने चालतो. वयस्कर लहान कुत्रा रात्री झोपल्यावर खोकतो, हल्ली फिरायला गेला की लवकर दमतो, तर आधी हृदयाची तपासणी. आणि पिल्लू खोकतंय, डोळ्यांना-नाकाला चिकट घाण आहे, ताप आहे, जुलाब आहेत, तर केनेल कफ म्हणून निवांत बसू नका. न टोचलेल्या पिल्लांत डिस्टेंपर आपल्याकडे अजून सर्रास दिसतो, आणि त्याची सुरुवात अशीच होते. झटके नंतर येतात.

मग हा आजार साधा की गंभीर? तीन-चार वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्यात साधा. त्रासदायक, झोपमोड करणारा, पण आपोआप बरा होणारा. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, म्हातारा कुत्रा, आधीचा एखादा आजार असलेला, आणि पग-बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे, ज्यांचा श्वास एरवीही कसाबसा चालतो, यांच्यात तो फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ते ओळखायला मला डॉक्टरांनी एक बिनखर्चाची गोष्ट शिकवली. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याच्या बरगड्यांकडे बघायचं, अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या आत हवा. पुन्हा पुन्हा 30 च्या वर दिसला तर फोन करा. पोट आत ओढून श्वास घेतोय, हिरड्या निळसर झाल्यात, जेवणाकडे पाठ फिरवलीय, तर फोन नको, सरळ गाडीत घाला.

नाक गरम लागतंय म्हणून ताप, हे विसरून जा. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळातच 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्याला 102 म्हणजे अंगावर दोन गोधड्या; त्याला तो रोजचा. ताप मोजायचा तर थर्मामीटरनेच.

औषधाबद्दल

"अँटिबायोटिक लिहून द्या की." हे मीच म्हणालो. डॉक्टरांनी दिलं नाही, आणि मला तेव्हा थोडा राग आला होता. आता त्यांचं पटतं. खोकल्याचं मूळ पुष्कळदा विषाणूंत असतं, त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही. बोर्डेटेला असला तरी खातापिता, खेळता, ताप नसलेला कुत्रा बहुतेकदा आठ-दहा दिवसांत स्वतःच उतारावर लागतो. ताप, सुस्ती, नाकातून पिकलेला स्राव यांतलं काही आलं की मात्र डॉक्टर थांबत नाहीत. तेव्हा सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. डोस वजनावर असतो. शेजारच्या लॅब्रेडॉरच्या उरलेल्या गोळ्या ही कल्पना मनातून काढून टाका.

घरच्या कपाटातली औषधंही नकोत. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक ठरू शकतात. लहान मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये नाक मोकळं करणारी द्रव्यं असतात, ती त्याच्या हृदयाला झेपत नाहीत. आणि 'शुगर फ्री' बाटलीत झायलिटॉल असेल, तर कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. छातीला बाम चोळू नका. त्यात कापूर असतो, कुत्रा तो चाटणार, आणि कापूर त्याच्या पोटात जाणं वाईट. आईची ओव्याची पुरचुंडी आम्ही नम्रपणे नाकारली. बदल्यात तिला दुसरं काम दिलं: बाथरूममध्ये गीझरचा गरम शॉवर सोडून, दार लावून, गोट्याला घेऊन दहा मिनिटं स्टुलावर बसायचं. पाण्यात काही घालायचं नाही, ना निलगिरी ना बाम. नुसती दमट हवा. त्या कोरड्या पडलेल्या अस्तराला ती बरी वाटते. दोघंही आनंदाने बसत. आईचं स्वतःचं नाक त्या आठवड्यात मोकळं झालं.

गळ्यातला पट्टा खुंटीला टांगला आणि छातीवरून येणारा हार्नेस आणला. खरं तर एवढ्या एका बदलाने निम्म्या उबळी कमी झाल्या. दिवाळीनंतरचे दिवस, पुण्याची पहाटेची थंडी, म्हणून फिरणं उन्हं वर आल्यावर आणि थोडक्यात. सकाळची उदबत्ती गॅलरीत गेली, डासांची कॉइल बंद. जेवण तेच, फक्त कोमट पाण्यात कालवून मऊ. रात्री अर्धा चमचा मध, डॉक्टरांना विचारून. मधुमेही कुत्र्याला आणि अगदी लहान पिल्लाला तो द्यायचा नाही.

आणि एकांतवास. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की गोट्याला केनेल कफ आहे, लिफ्ट वापरणार नाही, चौथ्या मजल्यावरून जिन्याने जाऊ, दोन आठवडे बागेत येणार नाही. गेटवरच्या ज्या दोन कुत्र्यांना आम्ही रोज पोळी घालतो, त्यांची भांडी वेगळी केली आणि त्यांना खायला घालायचं काम बायकोकडे दिलं, कारण गोट्या माझ्या अंगाखांद्यावर असतो. खोकला पूर्ण थांबल्यावर आणखी दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून लांब ठेवावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही ते पाळलं. ग्रुपवर लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी बी विंगमधून फोन आला: त्यांची पगही त्याच बोर्डिंगमध्ये होती आणि तिसऱ्या दिवसापासून खोकत होती. त्यांनी बोर्डिंगला कळवलंही होतं. बोर्डिंगने आम्हाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर गोट्या पहिले तीन दिवस बागेत सगळ्यांच्या तोंडाला तोंड लावत हिंडला नसता.

माणसांना होतो का, हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला होता. सहसा नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसांना, म्हणजे केमोथेरपी चालू आहे, अवयव प्रत्यारोपण झालंय अशांना, बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिकाचा संसर्ग झाल्याची क्वचित उदाहरणं आहेत. घरात असं कुणी असेल तर खोकणाऱ्या कुत्र्यापासून त्यांना लांब ठेवा. मांजराला मात्र हा जीवाणू लागू शकतो, सशालाही.

लस: कुठली, आणि मुख्य म्हणजे कधी

"पण याचं नाइन इन वन झालंय ना!" हेही मीच. त्या वार्षिक लसीच्या स्टिकरवरची अक्षरं नीट वाचली तर कळतं: डी म्हणजे डिस्टेंपर, एच म्हणजे हेपटायटिस, पी म्हणजे पार्व्हो, पीआय म्हणजे पॅराइन्फ्लुएन्झा, एल म्हणजे लेप्टो. यातला पॅराइन्फ्लुएन्झा आणि हेपटायटिससाठी घातलेला अॅडिनोव्हायरस 2 हे दोघे केनेल कफच्या मंडळींतलेच, म्हणजे थोडं काम ती लस करते. पण बोर्डेटेला तिच्यात नसतो. त्याची लस वेगळी घ्यावी लागते, आणि मागितल्याशिवाय पुष्कळदा मिळत नाही, कारण ती रेबीज-पार्व्होसारखी प्रत्येक कुत्र्याला हवीच अशा लसींत मोडत नाही. घर आणि गल्ली सोडून कुठे न जाणाऱ्या कुत्र्याला ती नसली तरी चालते. बोर्डिंग, डेकेअर, ग्रूमिंग, शो, यांतलं काही आयुष्यात असेल तर घ्या.

दोन प्रकार आहेत. एक नाकात थेंब सोडायची. जंतू जिथे येऊन उतरतो त्या नाका-घशाच्या अस्तरावरच ती प्रतिकार उभा करते, म्हणून लवकर काम सुरू करते: एका डोसनंतर बोर्डेटेलाविरुद्ध साधारण 3 दिवसांत, तिच्यातल्या पॅराइन्फ्लुएन्झाविरुद्ध मात्र 3 आठवड्यांत. दुसरी इंजेक्शनची. पहिल्यांदा घेताना तिचे 2 डोस लागतात, 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने, आणि भरवसा धरायचा तो दुसऱ्या डोसनंतर आठवड्याने. नंतर दोन्ही वर्षातून एकदा. थेंबांतले जंतू जिवंत पण दुबळे केलेले असतात, त्यामुळे चार दिवस शिंका, किंचित खोकला होऊ शकतो. आणि त्याच वेळी अँटिबायोटिक चालू असेल तर ते लसच मारून टाकतं. ती थेंबांची लस चुकून टोचली तर गंभीर त्रास होतो, म्हणून घरी आणून 'मी देतो' हा उद्योग नको. वर सांगितलेली कमकुवत प्रतिकारशक्तीची व्यक्ती घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मग ते थेंब की इंजेक्शन ठरवतील.

लोक चुकतात ते तारखेत. धनत्रयोदशीला निघायचं आणि वसुबारसेला लस टोचून आणायची, याला अर्थ नाही. कालनिर्णय समोर घ्या. दिवाळीसाठी थेंब घ्यायचे तर घटस्थापनेच्या आठवड्यात. पहिल्यांदाच इंजेक्शन घेणार असाल तर पहिला डोस अनंत चतुर्दशीच्या सुमाराला, दुसरा नवरात्र-दसऱ्यात. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी श्रावणातच उरकून घ्यावं. मे महिन्याच्या सुट्टीवाल्यांसाठी गुढीपाडवा ही सोयीची खूण आहे.

लस घेऊनही खोकला होऊ शकतो, कारण मंडळी अनेक आणि लस दोघा-तिघांची. झालाच तर तो बहुधा हलका होतो. म्हणून बोर्डिंगची जागा निवडताना मी आता लसीइतकंच लक्ष हवेकडे देतो. कुत्रे ठेवायच्या जागेत तासाला 12 ते 15 वेळा हवा बदलली जावी असं सांगितलं जातं. हे मोजणार कसं? नाकाने. आत शिरल्या शिरल्या मुतारीसारखा उग्र वास आला तर तिथली हवा हलत नाही. आणि 'फुल एसी डॉग हॉटेल' या पाटीला भुलू नका. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो, तिच्यात जे तरंगतंय त्यासकट. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजासाठी खिडक्या बंद, आत एसी, आणि तीन खोल्यांत पंधरा कुत्रे: या आजाराला याहून सोयीची जागा बांधून देता येणार नाही. मला पत्र्याची उघडी पडवी आणि सहा कुत्रे केव्हाही चालतील. त्याहून चांगलं म्हणजे चुलतबहीण आपल्या घरी राहायला येणार असेल तर. भांडी वेगळी आहेत का, फरशी ब्लीचच्या पाण्याने (1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी) पुसतात का, खोकणाऱ्याला ठेवायला वेगळी खोली आहे का, हेही विचारा. मात्र पहिला प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारला पाहिजे: लसीचं कार्ड कुठंय?

गोट्याचा शेवटचा खोकला तेराव्या दिवशी ऐकू आला. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी नाकात थेंब पडले आणि तो डॉक्टरांच्या चष्म्यावर शिंकला. दिवाळीसाठी आम्ही शहराबाहेर एका निवृत्त गृहस्थांकडे जागा धरली. जुना बंगला, मोठी पडवी, आठच कुत्रे घेतात. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी आमच्या पुढे एक लॅब्रेडॉर होता. काकांनी त्याला अंगणात एक चक्कर पळवलं, मग गळ्यावर दोन बोटं ठेवली. लॅब्रेडॉर खोकला.

"साधा ठसका आहे हो," त्या बाई म्हणाल्या. गाडीच्या टपावर बॅगा बांधलेल्या होत्या, मागच्या सीटवर दोन मुलं नवे कपडे घालून बसली होती. काकांनी डोकं हलवलं. "तुम्हाला त्रास होतोय, मला कळतंय. पण आत नाही घेता येणार." बाई चिडल्या, मग विनवू लागल्या, मग गाडीचं दार जोरात आपटून निघून गेल्या. मला त्यांची दया आली आणि मनातून हायसंही वाटलं, दोन्ही एकदम.

मग काका आमच्याकडे वळले. गोट्याने अंगणात एक चक्कर मारली, धापा टाकत परत आला, आणि काकांनी त्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. मी श्वास धरून उभा राहिलो.